गॅसच्या फळीवरचा उन्हाळा

लखनौचा मे महिना धडधाकट माणसाचं टाळकं फिरवतो, तिथं एन्झाइमची काय कथा! रक्तातली साखर ओळखणारं माझं एन्झाइम तर फारच नाजूक, जरा तापलं की संपलं. मी त्याला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलं होतं, उन्हाळ्यात तगावं म्हणून. प्रयोगशाळेत तगलंही. पण गावाकडच्या दवाखान्यात एसी कुठला? म्हणून त्या एन्झाइमच्या काही पट्ट्या मी अलीगंजच्या आमच्या घरी, गॅसच्या वरच्या फळीवर उन्हाळाभर ठेवल्या. त्या मेल्या असत्या तर माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

जूनमधल्या एका रविवारी पट्ट्यांची परीक्षा घ्यायची ठरली. नेमकी त्याच दिवशी बाबांनी मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आणली. इथले लोक दशहरी चोखतात नाहीतर कापून खातात. आमच्या मराठी घरात मात्र आमरस, तोही हातानं पिळलेला. आईनं मला पिळायला बसवलं. मला कुठला धीर! ओढणीला हात पुसले, बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला.

साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला तो भलताच मोठा. सकाळीच बाजारच्या पट्टीवर माझी साखर अगदी ठीक होती. आता हा आकडा खरा मानला तर मला दवाखान्यातच न्यायला हवं होतं.

"मेली पट्टी," मी म्हणाले. रडूच आलं.

रेल्वेत इंजिनिअर असलेले बाबा म्हणाले, "अगं, बंद पडलेलं इंजिन एवढं पळतं का?"

"दीदी, एक बार और कर लो यार," धाकटा भाऊ म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसले. बोट ठणकत होतं, म्हणून लहानपणच्या सवयीनं तोंडात घातलं.

गोड लागलं!

धावत जाऊन साबणानं हात धुतले. दुसरं बोट, नवी पट्टी. आकडा सकाळच्या आकड्याला जाऊन भिडला. मी किंचाळले, भावाला धरून गरागरा फिरवलं. माझ्या पठ्ठ्या एन्झाइमनं अख्खा उन्हाळा काढून बोटावरचा आंबासुद्धा पकडला होता, आणि मी त्यालाच मेलेलं ठरवत होते!

आईला एवढंच कळलं की पट्टी पास झाली. "मग आधी हिला नैवेद्य," म्हणत तिनं रस पाण्यात कालवून एक थेंब नव्या पट्टीवर ठेवला. मीटरवर पुन्हा तसाच भलता आकडा आला. मघाशी ज्यानं मला रडवलं, त्याला आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.