राहत्या घराच्या खुणा

त्या माणसाचा मला अजून राग येतो. त्याचं नाव मी विसरलेले नाही, पण लिहिणार नाही. त्याच्यासारखे त्या कचेरीत पुष्कळ आहेत, एकट्यालाच मान कशाला द्यायचा.

आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागे आमची एक खोली. वडील गेले, मालकानं जागा विकली आणि आईचं छप्पर गेलं. मी लग्न होऊन कोरमंगलात. पण जावयाच्या घरी आई आठ दिवस पाहुणी म्हणून राहते, नवव्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तेव्हा मीच धावाधाव करून सरकारच्या भाड्याच्या घरासाठी तिचा अर्ज भरला. हेब्बाळच्या पलीकडे कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी इमारती बांधल्या आहेत. भाड्याचा थोडा वाटा भाडेकरूनं द्यायचा, उरलेला सरकार भरतं. अट एकच, पण कडक. ज्याच्या नावावर घर, त्यानंच तिथं राहायचं. पोटभाडेकरू ठेवला किंवा नुसतं कुलूप लावून ठेवलं, तर घर काढून घेतात. म्हणून दर वर्षी पाहणी होते.

पहिल्या पाहणीचा कागद दारावर चिकटला तसा आईचा फोन आला. साहेब सोमवारी घर बघायला येणार, तू रविवारी ये.

आमच्याकडे घर बघायला माणूस येणार म्हटलं की काय करायचं हे मला शिकवावं लागत नाही. एका खोलीत राहणाऱ्यांची ती जुनी रीत. पाहुणे येण्याआधी गाद्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्या, वाळत घातलेले कपडे, सगळं उचलून शेजारी नेऊन ठेवायचं. मला बघायला मंडळी आली तेव्हा वडिलांचं मशीनसुद्धा तिघांनी उचलून शेजारच्या घरात नेलं होतं. आमची खोली त्या दिवशी एवढी मोठी दिसली की मलाच ओळखू येईना.

तर रविवारी आम्ही तेच केलं. समोरच्या अक्कांनी दार सताड उघडून ठेवलं होतं. त्या म्हातारीनं आमचा अख्खा संसार आपल्या पुढच्या खोलीत मांडून घेतला. मी चिंचेनं शेगडी घासली. ओट्यावर पाण्याचा थेंब ठेवला नाही. न्हाणीतला आईचा दात घासायचा ब्रश झिजून वाकडा झाला होता, तो बघून मी आईवरच डाफरले, असलं काही साहेबाच्या दृष्टीस पडतं का म्हणून. ब्रशही अक्कांकडे गेला. आई म्हणाली, उद्या सकाळी शेगडी पेटवायची नाही, खराब होईल. मला ते अगदी बरोबर वाटलं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. आवाजात लग्न पार पडल्याचं सुख होतं. तिनं लग्नकार्यातलं इरकल नेसलं होतं. साहेब आले, सगळीकडे हिंडले, मोबाईलवर फोटो काढले. तिनं त्यांना चहा दिला, तोही अक्कांकडून थर्मासमध्ये आणून.

"एक डाग सापडला नाही गं त्यांना," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. घरात वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत. सरकारचा वाटा थांबवला आहे, घर रिकामं का करून घेऊ नये याचा खुलासा करावा. मी ती तीनदा वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला कन्नड वाचता येतं, मराठी तर येतंच, पण तिनं तो कागद उलटा धरला होता.

कचेरीत खिडकीवरच्या बाईनं मला 'स्वल्प' थांबायला सांगितलं. ते स्वल्प दुपारी तीनपर्यंत चाललं. मग आत बोलावलं. टेबलावरच्या पाटीवर नोटिशीतलंच नाव, म्हणजे समोर पाहणीला आलेला तोच माणूस. मी बसायच्या आधीच भांडायला सुरुवात केली. माझी आई तिथं राहते, तुमच्यासमोर दार तिनं उघडलं, तिच्या हातचा चहा तुम्ही प्यालात, आणि वर लिहिता की घरात कोणी राहत नाही?

तो चिडला नाही. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एकेक फोटो दाखवला. लखलखीत ओटा. कोरडी न्हाणी. मोकळी दोरी. कपाटात सहा स्टीलचे पेले, एका रांगेत. एका फोटोच्या कडेला इरकल नेसलेली आई, हातात पर्स, बसची वाट बघत असल्यासारखी उभी.

पाहणीच्या दिवसापुरत्या अशा कितीतरी आया येतात, तो म्हणाला. चांगलं लुगडं नेसून सकाळच्या बसनं यायचं, दार उघडायचं, संध्याकाळी मुलाकडे परत. चहासुद्धा शेजारून आणावा लागतो.

"माणूस राहत असेल तर घरात दिसतो, मेडम. तुम्हीच सांगा, या घरात कुठं दिसतो?"

फोटोत मला माझाच हात दिसत होता. शेगडी मी घासली होती, ब्रश मी लपवला होता. पण हे त्याला कबूल करायला माझी जीभ उचलेना. शेवटी सांगितलं. गाद्या शेजारी ठेवल्या होत्या, आमच्यात तशी रीत आहे. तो हसला. ते हसू मी त्याला कधी माफ करणार नाही. एवढ्या वर्षांत लोकांनी त्याला खोट्या सबबी दिल्या असतील, माझी खरी गोष्ट त्याला सगळ्यांत वाईट सबब वाटली.

त्यानं उपकार केल्यासारखी दुसरी पाहणी मंजूर केली. महिनाभरात कधीही, न सांगता. तेव्हा दार बंद आढळलं तर विषय संपला.

तो महिना आई घराबाहेर पडली नाही. देवळात नाही, भाजीला नाही. भाजी अक्का आणायच्या. मी रजा टाकून दोन दिवस गेले आणि घर विसकटायला घेतलं. खुर्चीवर ओला टॉवेल टाकला. ब्रश खिडकीत पेल्यात ठेवला. दोरीवर तिचे परकर पुढंच घातले, दारातून दिसतील असे. आई माझ्या मागून येई आणि उचलून ठेवी. मी पुन्हा टाके. तिसऱ्यांदा तिनं परकर काढून घेतला तेव्हा मी ओरडले, की तुझ्या या टापटिपीपायी आपण रस्त्यावर येणार आहोत. टापटीप माझीही होती, हे तेव्हा मला सोयीस्करपणे आठवलं नाही. आईनं परकर परत दोरीवर घातला आणि पाठ फिरवून बसली.

तो आला तेव्हा मी नशिबानं तिथं होते. आई कढईत पिठलं घोटत होती. खरकटी ताटं मोरीत. त्यानं बूट न काढता आत पाऊल टाकलं. मी बाजूला सरकून वाट दिली, आईचं घर त्याच्या हातात होतं. त्यानं मोरीचा फोटो काढला, अंथरुणाचा काढला. दोरीसमोर उभा राहून परकरांचा काढला. आईनं त्या वेळी पदर तोंडावर घेतला. फोटो तिचा नव्हताच, तरी घेतला.

"सरी, ठीक आहे," तो समाधानानं म्हणाला, "आता घर वाटतंय."

घर राहिलं. सरकारचा वाटा सुरू झाल्याचं पत्रही आलं. मी नवऱ्याला, ऑफिसात, सगळ्यांना सांगत सुटले की अखेर जिंकलो.

परवा दिवाळीला तिच्याकडे फराळाचा डबा घेऊन गेले. मी येणार हे तिला ठाऊक होतं. पूर्वी लेक येणार म्हटल्यावरही ती पायपुसणं झटकून सरळ घालायची. आता परकर दारासमोर वाळत होते, ब्रश खिडकीत होता, अंथरूण दुपारपर्यंत पसरलेलं. अक्कांच्या सुना नटूनथटून जिन्यात ये-जा करत होत्या आणि आमचं दार उघडं. मला ते बघवेना. मी वाकून गादीची वळकटी करायला लागले.

आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "फोटो काढायला येतील."