गार्डसाहेब मचव्यावर

जयपूरच्या खातीपुऱ्यात लता तांब्यांना सगळी गल्ली ‘गार्डसाब की बीवी’ म्हणायची, आणि त्याचा त्यांना राग यायचा. गार्डसाब दिसायचे कुठे? दशरथराव मालगाडीचे गार्ड. आज फुलेरा, उद्या आबू रोड, परवा कुठल्याशा स्टेशनच्या रनिंग रूममध्ये मुक्कामाला. घरी यायचे ते मळके कपडे टाकायला आणि डबा भरून न्यायला. लेक उत्कर्षा लहानपणी एकदा बापाला ‘अंकल’ म्हणाली होती. लताबाई हे हसत हसत सांगायच्या, पण सांगून झालं की भांडी जरा जोरात आपटायच्या.

२००६च्या उन्हाळ्यात दशरथराव निवृत्त झाले. हार झाले, भाषणं झाली, आणि लताबाईंना वाटलं, चला, मिळाला एकदाचा नवरा! कसला मिळतोय! जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये हिंदकळत पाठ टेकलेला हा माणूस. त्याला न हलणाऱ्या पलंगावर झोपच येईना. रात्रभर अंगणात फेऱ्या, दिवसभर लाल डोळे आणि तिरसटपणा. आमटी खारट, पंखा कुरकुरतो, मागच्या भिंतीवरचा मोर ओरडतो, आणि सगळ्याला जबाबदार बायको.

एक दिवस त्यांनी जाहीर केलं, “गुजरातेत कांडल्याकडे रेल्वेच्या एका सायडिंगवर सुपरवायझर हवाय. खोली रुळांना लागून आहे. गाडी गेली की खाट हलते म्हणे. तिथे लागेल झोप.”

लताबाई मनात म्हणाल्या, म्हणजे पुन्हा डबा, पुन्हा कपडे, पुन्हा आपण एकट्या! पण रडत बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी कोकणात, दाभोळला भावाला फोन लावला.

“जय भीम, दादा. तुझा मचवा अजून तरंगतो ना?”

वसंतराव बंदर खात्यातून निवृत्त झालेले. लिलावात एक जुना मचवा घेऊन, त्यावर छोटी केबिन बांधून ते पर्यटकांची वाट पाहत बसले होते. पर्यटक काही फिरकले नव्हते. ने बाई, म्हणाले, निदान इंजिन तरी चालू राहील.

“हलणारीच खाट हवी ना?” लताबाईंनी नवऱ्याला सुनावलं. “मग माझ्या माहेरची घ्या. हिवाळाभर माझ्याबरोबर राहा. होळीनंतर खुशाल जा कांडल्याला.”

उत्कर्षा जवाहर नगरहून धावत आली. “आई, तू पागल झाली का? मतलब, पप्पांना तर स्विमिंगपण नाही येत!”

“मला येतं,” लताबाई म्हणाल्या. “बुडाले तर केस धरून काढीन. उरलेत तेवढे पुरतील.”

आणि दिवाळी होताच दोघं निघालीसुद्धा! दाभोळच्या धक्क्यावरून मचवा सुटला, वाळवंटाच्या कडेला निम्मं आयुष्य काढलेल्या लताबाईंच्या नाकात खारा वारा शिरला, आणि त्या चक्क ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घाई कसलीच नव्हती. आवडेल त्या खाडीत नांगर टाकायचा, होडीतूनच ताजे बांगडे घ्यायचे, आणि केबिनच्या टपावर केस वाळवत बसायचं. गुहागरसमोर डॉल्फिन उसळले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मचवा चालवणाऱ्या गजानन तांडेलाच्या मागे लागून त्या सुकाणू धरायलाही शिकल्या. पदर खोचून, पाय रोवून उभ्या राहायच्या आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक होडीला हात करायच्या.

“ताई, जरा हळू,” गजानन म्हणायचा. “ही काय शर्यत हाय?”

“गप रे,” ताई म्हणायच्या, आणि हसायच्या.

आणि गार्डसाहेब? झोपले होते. पहिल्याच दिवशी मचवा डुलायला लागला आणि त्यांनी जी मान टाकली, ती टाकलीच. जेवायला उठत, पुन्हा आडवे. “अहो, जयगड आला, किल्ला बघा!” म्हणून लताबाईंनी हलवलं, तर एक डोळा उघडून “सिग्नल मिळाला?” एवढं विचारून पुन्हा घोरू लागले. रत्नागिरी गेली, पूर्णगड गेला. दिवसभराची मजा कोणाला सांगावी, तर केबिनमधून घोरणं ऐकू यायचं. खाट बदलली, नवरा तोच, आणि तितकाच लांब. एकदा लताबाईंना इतकं वाईट वाटलं की हातातला बांगडा त्यांनी तसाच समुद्रात टाकला.

विजयदुर्गच्या खाडीत मात्र गंमत झाली. गजानन बहिणीला भेटायला गावात गेला. जाताना बजावून गेला होता, मधली खोल जागा सोडू नका. पण काठाच्या खडकांवर कालवांचे शिंपले दिसले, आणि माहेरच्या कालवांपुढे लताबाईंना कोणाचं काय आठवणार! नांगर ओढला, इंजिन लावलं, मचवा नेला काठाला. पोटभर कालवं फोडून होईतो ओहोटीने पाणी ओढून नेलं, आणि मचवा चिखलात बसून एका अंगावर कलला. डुलणं थांबलं.

केबिनमध्ये धाडकन आवाज झाला. दशरथराव टक्क जागे! चालती गाडी अवचित थांबली की गार्ड कितीही पेंगत असो, जागा होतोच. कोणाला काही न विचारता त्यांनी पिशवीतून लाल झेंडी काढली आणि चिखलात उडी टाकली.

“अहो, कुठे निघालात?”

“मागे! सेक्शनात थांबलोय, दोन स्टेशनांच्या मध्ये! मागून गाडी आली तर ठोकेल ना!”

गुडघाभर चिखलात रुतलेले गार्डसाहेब रिकाम्या खाडीला लाल झेंडी दाखवत उभे राहिले. मागून यायला काय होतं? एक बगळा. तो थांबला. लताबाई हसता हसता बसल्या, बसल्या त्या घसरल्या आणि त्याही चिखलात. मग दशरथरावांना कळलं आपण कुठे आहोत, आणि तेही असे हसत सुटले की झेंडीच हातून पडली.

भरती यायला संध्याकाळ होणार होती. दोघं कललेल्या फळीवर चिखलाचे पाय सोडून बसली. मचवा हलत नव्हता, म्हणून गार्डसाहेब जागे होते. आणि जागे होते, म्हणून बोलू लागले. सांभरच्या तळ्यावर पहाटे उतरणारे रोहित पक्षी, त्यांच्या गुलाबी रांगा... “तुला सांगायचं ठरवायचो. घरी पोचेतो पुढच्या ड्यूटीची वेळ व्हायची.”

“आणि मी प्रत्येक मालगाडीच्या शिट्टीला चहाचं पाणी वाढवायचे.”

“खातीपुऱ्यावरून जाताना मी आपल्या घराकडे दिवा हलवायचो. प्रत्येक वेळी.”

“कसा दिसेल? मध्ये पाण्याची टाकी आहे!”

“टाकी आहे?” दशरथरावांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांना हे माहीतच नव्हतं. पुन्हा दोघं हसली, आणि हसता हसता लताबाईंचे डोळे भरून आले.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला झोप लागावी म्हणून एवढा खटाटोप केला. झोपलेला नवरा घेऊन मी काय करू? नाही येत झोप, तर नका झोपू. पण घरी राहा.”

दशरथरावांनी एक कालव फोडून बायकोच्या हातावर ठेवलं. संध्याकाळी पाणी चढलं, मचवा उचलला, डुलू लागला, आणि ते तिच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपले. पुढे मालवणपर्यंत लताबाईंनी कांडल्याचा विषय काढला नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

होळीनंतर दोघं जयपूरला परतली, आणि दोन दिवसांतच कांडल्याचा फोन आला. लताबाई स्वयंपाकघरात गेल्या. कुकर लावायचा होता, पण हात थांबले होते.

“नहीं भाईसाहब, मैं नहीं आ सकता,” बाहेरून आवाज आला. “क्यों मतलब? तुम्हारे यहाँ नींद आ जाएगी. और मैडम को मैं जागता हुआ चाहिए.”