माळाला ओसाड म्हणू नका

मोजणी कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे पेन्सिलबाई म्हणत. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली आणि टेबलावर तिचीच शोधाशोध चाललेली, हे रोजचंच. एकतीस वर्षं त्यांनी डोंगर, ओढे आणि शिवारं कागदावर उतरवली होती. निवृत्तीला आठ महिने उरले असताना सगळे नकाशे संगणकावर चढवायचं ठरलं आणि नव्या, तरुण साहेबांनी त्यांच्या हातात यादी ठेवली. झाडं असतील ती जमीन ‘वन’, नसतील ती ‘ओसाड’. संपलं.

बाईंना ते काही पटेना.

“साहेब, ओसाड म्हणजे आधी वस्ती होती आणि ती उठून गेली. पाच नंबरच्या पानावर नुसता माळ आहे.”

“झाड आहे का एकतरी?”

“नाही. पण झाड नाही म्हणजे काहीच नाही, असं कसं?”

“तुम्ही पाहिलाय तो माळ?”

तो माळ त्यांनी हजारदा बोटाखालून घातला होता, पायाखालून एकदाही नाही.

घरी आल्या त्या फुगूनच. नवरा बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालत असे.

“अहो, रविवारी मला एके ठिकाणी न्याल?”

“बाजारात?”

“पाच नंबरच्या पानावर.”

त्याने झारी खाली ठेवली आणि म्हणाला, “नेतो की.”

जन्मभर एकाच रस्त्यावर बस चालवलेला माणूस. स्कूटरवर दोनदा वाट चुकला. पण पोचले एकदाचे. गुडघ्याएवढं गवत वाऱ्याने लवत होतं आणि त्यात एक म्हातारी मेंढ्या राखत बसली होती. बाईंनी साहेबांचा शब्द तिच्या कानावर घातला.

“ओसाड?” म्हातारी खो खो हसली. “मग ही मेंढरं काय वारा खाऊन माजली?”

तिने दोघांना हिंडवलं. गवत राखून वाढवलेला तुकडा, ते कुरण. दगडगोट्यांची, काही पिकत नाही अशी उतरण, ती बरड. लांब दिसणाऱ्या झाडांकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “आणि ते जंगल?”

“जंगल कसलं! जुनी, मोठाली झाडं एकमेकांना खेटून उभी आहेत, ती राई. पलीकडे नुसत्या बाभळी, ते बन.”

“मग अरण्य?”

“आत शिरलं की परतीची वाट सापडत नाही, ते अरण्य. इथे हरवायचं म्हटलं तरी कुणाला जमायचं नाही.”

“यांना जमेल,” बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. तोही हसला.

सोमवारी बाई थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“पाहून आले. आता बोला.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. संगणकातल्या यादीत वाढीव जागा चारच होत्या. माळ, कुरण, राई आणि बन बसले, बरड राहिली. त्यासाठी बाई दोन दिवस हटून बसल्या, पण साहेब काही बधले नाहीत. तरी पाच नंबरचं पान छापून आलं, तेव्हा बाईंनी ते नवऱ्याला दाखवायला घरी नेलं.

पुढे एकदा साहेबांनीच त्यांना खिडकीशी बोलावलं. कार्यालयामागे, पाण्याच्या टाकीजवळ, थोडी झाडी होती.

“बाई, याला काय म्हणायचं हो? राई की बन?”

बाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

“याला ना साहेब, चार झाडं म्हणायचं.”

निवृत्तीनंतर दोघं बहुतेक रविवारी एकेक पान बघायला बाहेर पडतात. अकरा नंबरच्या पानावर बाईंनीच एक ओढा उलट्या बाजूला काढलेला निघाला. नवऱ्याने अजून तरी ते कुणाला सांगितलेलं नाही.