दोन बाटल्या

पन्नासच्या दशकात पिंपरीला कारखान्यांचे पाये खणले जात होते, तेव्हा मी चाकणच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांची रक्तं तपासत हिंडत होते. वय झालं की अंगातलं रक्त का कमी होतं आणि त्यात जेवणाचा वाटा किती, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय. दात गेलेली माणसं चहात भाकरी बुडवून दिवस काढायची आणि मला सांगायची, सगळं खातो. असल्या उत्तरांचा मला वैताग यायचा.

निम्म्या लोकांना आम्ही लोहाच्या गोळ्या देत होतो, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खडूच्या. कोणाला काय, हे त्यांना सांगायचं नाही. एका घरात आजोबांच्या वाट्याला लोह आलं, आजींच्या वाट्याला खडू. रक्त दोघांचंही कमी, पण आजींना अंगण ओलांडतानाही धाप लागायची. मी प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे गेले. मधेच गोळी बदलली तर सगळं काम वाया जाईल, दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबा, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. पण मला जेवण जाईना. ती खडूची बाटली मीच आजींच्या हातात दिली होती.

तपासणीच्या दिवशी लोहाची एक जादा बाटली पिशवीत टाकूनच मी एसटीत बसले. रक्त कसंही निघो, आज ती आजींना द्यायचीच. बाजाराजवळ कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला, तेव्हा मी उतरून चालतच सुटले.

आजी विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या. धाप नाही. बोट टोचून नळीत रक्त घेतलं, तर रंग चांगला गडद. खडूने? मी पुन्हा तपासलं. तोच रंग.

आजोबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "हिला लई दम लागायचा, बाई. म्हणून माझ्या बी गोळ्या हिलाच देत व्हतो. मला काय धाड भरलीय?"

साहेबांचा सगळा हिशेब बिघडला होता आणि मला विलक्षण आनंद झाला होता. मग मी आजोबांची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

पिशवीतली बाटली मी त्यांच्या हातात ठेवली आणि या तुम्हीच घ्यायच्या, असं बजावलं. आजींनी माझा चेहरा पाहिला होता. घरात जाऊन त्या आपलीही बाटली घेऊन आल्या.

"आता माझ्या बी यांनाच देते," त्या म्हणाल्या.

परतीची एसटी मी सोडून दिली. नव्या बाटलीतली एकेक गोळी दोघांनी माझ्यादेखत गिळेपर्यंत मी त्या ओट्यावरून उठले नाही.