सतरंजीवरची जागा

गिरणीत कापसाची तुसं अंगावर बसतात. झटकली तरी घरापर्यंत येतात. हे किस्से माझ्याजवळ तसेच साठले.

सत्तरनंतरची सालं. मी सोलापूरच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम होतो. चाळीच्या समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे असायची. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या सुमतीबाई तिथं दारू पिणाऱ्यांना, ती सोडवण्यासाठी, घरच्यांसकट बोलवायच्या. एकट्यानं आलेलं चालायचं नाही. सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसायचं. मला हे थेर वाटायचं. मी दारातच उभा राहायचो.

*

नरसय्या माझ्या हाताखालचा विणकर. तो हातभट्टी प्यायचा, बायको बालामणी शिंदी. त्यांची लहानगी पद्मा तान्ह्या भावाला कडेवर घेऊन शेजारी भाकरी मागायची. बाईंनी बजावलं, "पोरांना घेऊन या. असंच चाललं तर पोरं बालगृहात जातील."

पुढच्या सुट्टीला नरसय्यानं वेणीफणी केलेली, पावडर लावलेली पोरगी आणली.

"ही तुमची?"

"न्हाय बाई, शेजारची. आमची लई मळलीया."

*

त्याच्या पुढच्या खेपेला पद्मा आली. अंघोळ करून, स्वच्छ. बाई बालामणीला म्हणाल्या, "छान न्हाऊ घातलंत."

पद्मा म्हणाली, "आयनं न्हाय. मीच आयला घातलं."

*

बाईंची एक रीत होती. पोरानं बापाच्या जागेवर बसायचं, बापानं पोराच्या, आणि तसंच बोलायचं.

पद्मा झोकांड्या खात आली. सगळे हसले, नरसय्याही. मग ती त्याच्यासमोर बसली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जेवलीस का गं?"

बाईंनी विचारलं, "बाबा असं कधी म्हणतात?"

"म्हणत न्हाईत. पण आता मीच बाबा हाय की."



*

मग काही दिवस दोघं नवराबायको कोरडे राहिले. शिमग्याला पुन्हा प्याले. तान्हं तापानं फणफणलेलं आणि हे दोघं घरात आडवे. पद्मानं त्याला उचलून एकटीनं दवाखाना गाठला.

पोरगं वाचलं. दोन्ही पोरं बालगृहात गेली. बालामणी माहेरी गेली.

*

पुढच्या सुट्टीला नरसय्या एकटाच आला. तोंडाला वास नव्हता. मी दारात हात आडवा धरला.

"आता कुणाला घेऊन बसणार? हितली रीत ठाऊक हाय न्हवं?"

त्यानं चपला काढल्या, माझ्या बगलेतून आत गेला आणि पोरीच्या जागेवर मांडी घालून बसला. समोरची जागा रिकामी होती.

"जॉबर," तो म्हणाला, "हितं बसता का? मला इचारा की, जेवलीस का म्हणून."