ढेकीखालचा हात

आंधळगावात राइस मिल आली, आणि घरोघरच्या धान कांडायच्या ढेक्यांवर कोंबड्या बसू लागल्या. चंद्रभागाबाईंची ढेकी तेवढी हटून बसली. मिलचा तांदूळ पांढराशुभ्र असतो, हे त्यांना मान्य होतं. "दिसाले बेस हाये," त्या म्हणायच्या, "पन पेज करून पाह्य. निरं पानी!"

या घरात रुखमा सून म्हणून आली ती चौऱ्याहत्तर साली. वैनगंगेच्या काठची, गोसीखुर्दकडची पोर. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे स्वयंपाकाच्या नावाने सगळा आनंद. सासूने तिला आधी ढेकीवर उभं केलं. ढेकी म्हणजे लांबलचक लाकडी धूड. मागच्या टोकावर पाय दाबला की पुढचं मुसळ वर जातं, पाय सोडला की खळग्यातल्या धानावर आदळतं. एकीने पाय द्यायचा, दुसरीने मुसळ वर असताना खळग्यात हात घालून धान उलटायचं. पाय रुखमाचा, हात सासूचा.

पुढच्या वर्षी रुखमाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून भाऊ ईश्वर न्यायला येणार होता. एका सकाळी कांडण चालू असताना रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रुखमाने चटकन मान वळवली आणि पाय सुटला. सासूचं बोट चेचलं. गाडीही ईश्वरची नव्हतीच.

आता ही बाई आपल्याला उभी सोलणार, अशी रुखमाची खात्री. चंद्रभागाबाईंनी मात्र बोटाला हळद बांधली, आणि शेजारची जनाबाई डोकावली तेव्हा म्हणाल्या, "काही नाही वो, दारात सापडलं."

बोट जन्माचं वाकडं राहिलं. जखम भरली तशी त्यांनी सुनेला पुन्हा हाक मारली, "चाल वो, कांडन पडलं हाये." आणि तोच हात खळग्यात घातला. रुखमाला तेव्हा एवढंच वाटलं, चला, सासूबाई विसरल्या.

ईश्वर आलाच नाही. यंदा जमत नाही, असा निरोप तेवढा आला. रुखमा बाळंत झाली ती सासरीच. अंगात त्राण नव्हतं, बाळ दुधासाठी रडत होतं, आणि वाकड्या बोटाची ती बाई जनाबाईला ढेकीवर उभी करून स्वतः धान उलटत होती. त्या कोंड्यासकट तांदळाची दाट, तांबूस पेज, वर तुपाची धार आणि जिरं. वाटी रुखमाच्या ओठाला लावत त्या म्हणाल्या, "पे. तुही माय असती तं तिनं हेच देलं असतं." रुखमा पेजेबरोबर रडणंही गिळत राहिली. महिन्याभरात मायलेकी दोघी टवटवीत झाल्या.

शहाऐंशी साली चंद्रभागाबाईंनी अंथरूण धरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली. मिलच्या तांदळाची पेज त्यांनी तोंड फिरवून नाकारली. "असंच रायलं तं बुढी जाते," जनाबाई दारातच पुटपुटली. सासूबाई थकल्या तशी ढेकी बंद पडली होती, दोन वर्षांपासून तिच्यावर सरपण रचलेलं होतं. रुखमाने ते भराभर उपसलं आणि धाकट्या जावेला, शकुनला, हाक मारली. नवीनच लग्न होऊन आलेली शकुन मुसळाकडे पाहून बिचकली.

"बाई, तुमाले लागन नं!"

"भेऊ नोको. पाय मार. हात माहा हाये."

मुसळ वर गेलं. रुखमाने खळग्यात हात घातला आणि तिच्या खांद्यापर्यंत सर्रकन भीती चढली. शकुनची नजर इकडे तिकडे भिरभिरत होती, नव्या नवरीची असते तशी. आणि रुखमाला एकदम कळलं. सासूबाई काही विसरल्या नव्हत्या. चेचलेल्या बोटाची कळ ठाऊक असूनही त्यांनी तो हात पुन्हा तिच्याच पायाखाली दिला होता. रुखमाचे डोळे भरून आले, पण हात तिने काढला नाही.

संध्याकाळी तिने पेजेची वाटी सासूच्या ओठाला लावली. म्हातारीने एक घोट घेतला, थांबली.

"ढेकीची हाये?"

"हो, आत्याबाई."

"हात कोनाचा होता?"

"माहा."

चंद्रभागाबाईंनी तिचा हात ओढून घेतला. वाकड्या बोटाने तिची बोटं एकेक करून चाचपली.

"सगडी बोटं बरी हायेत नं, माय?" त्यांनी विचारलं, आणि मग पुढच्या घोटासाठी तोंड उघडलं.