वीज गेली तरी उघडलेला विकी

नातवंडांनो, तुम्ही शिकायला लांब गेलात तेव्हा मी आपल्या घरच्या आठवणींचा आणि पाककृतींचा विकिपीडियासारखा घरगुती विकी सुरू केला. तो कुठल्याही कंपनीकडे नाही. तो माझ्या कॉम्प्युटरवर असतो आणि ज्यांनी प्रत ठेवली त्यांच्याही. तुमच्या बाबाला हे कधी पटलं नाही. या उन्हाळ्यात इथे कुवेतला, मंगफमधल्या आपल्या इमारतीची वीज गेली आणि माझा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्याचा ऑफिसातून फोन आला.

"आई, गेला ना तुझा विकी?"

"उघडून तर बघ."

उघडला. तुम्ही दोघांनी तिकडे प्रती ठेवल्या होत्या, पानं तुमच्याकडून येत होती. त्याने दोन-चार पानं चाळली.

"मलाही प्रत ठेवता येईल?"

"मदतीचं पान वाच," मी म्हटलं. "तुझ्यासारख्यांसाठीच लिहिलंय."